व्हिएन्ना ते लिस्बन, तीन तास चाळीस

"अंतर किती?" रेडीजकाकांनी विचारलं.

मी त्यांना नुकतंच सांगितलं होतं की शैलेशची तब्येत बरी नाही, आपल्याला आजच लिस्बनला जावं लागेल. शैलेश त्यांचा एकुलता एक मुलगा. सकाळचे साडेसात वाजले होते. व्हिएन्नातल्या हॉटेलच्या नाश्त्याच्या खोलीत माझे चौतीस प्रवासी पावाच्या स्लाइसला पुण्याहून आणलेली शेंगदाण्याची चटणी लावत बसले होते. काय झालं, कधी झालं, कुठल्या हॉस्पिटलात आहे, बाप असलंच काहीतरी विचारणार, म्हणून मी त्याची उत्तरं मनात जुळवून आलो होतो. अंतराची तयारी नव्हती.

"तेवीसशे किलोमीटर असेल," मी म्हणालो.

"आणि वेळ?"

"तीन तास चाळीस मिनिटं."

त्यांनी शर्टाच्या खिशातली छोटी वही काढली, त्यात लिहिलं, वही परत ठेवली. मग बशीतल्या अंड्याकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "सीरियस आहे का रे?"

"हो. म्हणजे, तसं सीरियसच म्हणायचं."

"बरं," एवढंच म्हणून त्यांनी हातातला कागदी रुमाल नीट चौकोनी घडी करून बशीखाली सरकवला.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. तेव्हा मी एका टूर कंपनीत टूर मॅनेजर होतो. नाव मोठं, काम हमालाचं. लोकांच्या बॅगा मोजायच्या, गोळ्यांच्या वेळा सांभाळायच्या, भांडणं सोडवायची आणि वर हसतमुख राहायचं. रेडीजकाका त्या ग्रुपमध्ये एकटेच आले होते. काकी तीन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. शैलेश लिस्बनला नोकरीला होता, आणि त्यानेच हट्टाने बापाला टूरवर पाठवलं होतं: आधी युरोप बघून घ्या, शेवटी पॅरिसहून माझ्याकडे या, महिनाभर राहा. काकांच्या मोठ्या बॅगेत अर्धे कपडे आणि अर्धं चिपळूण होतं. आमसुलं, कुळथाचं पीठ आणि शैलेशला लहानपणापासून आवडते म्हणून फणसपोळीची भलीमोठी गुंडाळी.

चिपळूणच्या एसटी स्टँडवर काकांनी एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढली होती. खिडकीत बसून, कुठली गाडी किती वाजता सुटली, किती उशिरा आली आणि का, हे लिहिण्यात ज्याचा जन्म गेला त्याची सवय युरोपात येऊन सुटते होय? त्यांच्या वहीत रोजच्या प्रवासाची नोंद असायची. अंतर, वेळ, उशीर, कारण, असे चार रकाने. 'व्हेनिस. उशीर सव्वा तास. कारण: काचेचे घोडे.' 'साल्झबर्ग. उशीर चाळीस मिनिटं. कारण: सौ. दातार यांचा चष्मा.' संध्याकाळी बसमध्ये ते माइकवर हे वाचून दाखवायचे आणि दातारबाईंसकट सगळी बस पोट धरून हसायची. पहिले दोन दिवस मला त्या वहीचा राग आला, कारण उशीर कुणाचाही असो, तो शेवटी माझ्याच खात्यावर पडतो. मग मलाही मजा वाटायला लागली. एकदा ते म्हणाले होते, खिडकीतला माझा एकच कायदा, हातात तार घेऊन आलेल्या माणसाला पुढची सीट द्यायची, मग गाडी कितीही भरलेली असो. आदल्याच दिवशी सांगितलं होतं हे. मी मान डोलावली आणि विसरलो.

आता फोनबद्दल सांगतो, कारण सगळं तिथेच झालं.

त्या सकाळी सव्वासातला रिसेप्शनवरून मला बोलावणं आलं. पुण्याहून आमच्या कंपनीचे निमकरसाहेब फोनवर होते.

"तुझ्याकडे रेडीज म्हणून आहेत ना? त्यांच्या मुलाच्या गाडीला काल रात्री अपघात झालाय. सुनेचा फोन होता. सीरियस आहे. म्हाताऱ्यांना घेऊन लिस्बनला निघ, ग्रुपचं मी बघतो. आणि त्यांना फार काही सांगत बसू नकोस."

"गेला का?" मी विचारलं.

पलीकडे क्षणभर कुणी बोललं नाही. "सीरियस आहे म्हणाली," निमकर म्हणाले. "जपून ने त्यांना."

झालं. मी समजायचं ते समजलो. तुम्हीही समजला असता. आपल्याकडे माणूस गेला असं परगावच्या माणसाला फोनवर कुणी सांगतं का? आजारी आहे म्हटलं तर खरोखर आजारी, आणि सीरियस आहे, ताबडतोब निघ म्हटलं की आटोपलेलं असतं. वाटेत त्याने धीर सोडू नये, घरी पोचेपर्यंत चार माणसं भोवती असावीत, म्हणून हे खोटं बोलायचं. माझे वडील गेले तेव्हा मलाही पुण्यात असाच निरोप आला होता. रत्नागिरीच्या गाडीत मी रात्रभर देव पाण्यात घालून बसलो होतो. सकाळी संगमेश्वरला चुलतभाऊ गाडीत चढला, मला खाली उतरवून मिसळ खायला लावली, पोटभर खा म्हणाला, वर चहा पाजला. मी खाल्लं. घरापाशी आलो तर अंगणात बांबू पडलेले. तेव्हा भावाचा फार राग आला होता. पुढे दोन दिवस चूल पेटली नाही तेव्हा कळलं, त्याने माझ्यावर उपकार केले होते. ज्याचं माणूस गेलंय त्याला आधी जेवायला घाला, मग सांगा. हे मी तेव्हा शिकलो आणि गाठ मारून ठेवलं.

निमकरांनी सुनेचा नंबर दिला होता, तो चिठ्ठीवर लिहून मी पाकिटात ठेवला. फोन केला नाही. हॉटेलात फोन होता, हातात वेळ होता, तरी केला नाही. नवरा गेलेल्या बाईला फोन करून मी विचारणार तरी काय, असं मला वाटलं. खरं तर मला तिचं रडणं ऐकायचं नव्हतं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

आठ वाजता विमान कंपनीचं ऑफिस उघडलं. काका माझ्याबरोबर आले होते, पासपोर्ट मी माझ्या हाताने देतो म्हणून. ते मागे दाराजवळच्या खुर्चीत, मांडीवर पिशवी घेऊन बसले. काउंटरवरच्या मुलीने पडद्यावर बघून सांगितलं, दिवसातून दोन थेट विमानं आहेत. एक दहा पन्नासचं, ते लिस्बनला दीडला पोचतं. दुसरं तीन वीसचं, ते सहाला. मग माझ्याकडे वळून दोन बोटं वर केली. सकाळच्या विमानात नेमक्या दोनच जागा आहेत, हव्या तर आत्ता ठरवा.

मी हिशेब केला तो असा. आठ वाजून गेलेत. दहा पन्नासचं धरायचं तर हा म्हातारा अर्ध्या अंड्यावर, बिनआंघोळीचा, ब्लडप्रेशरची गोळीसुद्धा न घेता धावत विमानात बसणार. तिथे उतरल्यावर पोराचं प्रेत बघणार, आणि मग दोन दिवस घोटभर पाण्याशिवाय पोटात काही जाणार नाही. अडुसष्ट वर्षांचा माणूस. आणि घाई कुणासाठी करायची? जो थांबलेला नाही त्याच्यासाठी? शिवाय गेलेल्या माणसाचे तिथले कागद तयार व्हायलाच संध्याकाळ होणार.

मी तीन वीसचं तिकीट घेतलं.

"सकाळचं भरलेलं आहे, काका," मी त्यांच्याजवळ येऊन सांगितलं. "दुपारचं मिळालं."

त्यांनी काउंटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं," म्हणाले.

हॉटेलवर परत येऊन मी त्यांना गरम पाण्याने आंघोळ करायला लावली. गोळी दिली. ग्रुप राजवाडा बघायला निघाला होता. काका खाली आले ते फणसपोळीची गुंडाळी हातात घेऊन. बसपाशी जाऊन त्यांनी ती दातारबाईंच्या हातात दिली, सगळ्यांना वाटा म्हणाले, उगाच ओझं कशाला न्यायचं. बाई म्हणाल्या, अहो ती मुलासाठी आणलीत ना? तर म्हणाले, तिकडे मिळतं आता सगळं. मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही. गर्दीतून त्यांना बाजूला घेतलं.

दुपारी बारा वाजता एका पंजाबी माणसाच्या हॉटेलात त्यांना घेऊन गेलो. डाळ, भात, बटाट्याची भाजी. मी शेजारी बसून आग्रह करकरून वाढलं, लग्नात व्याह्याला वाढतात तसं. काका निमूट जेवले. दोनदा भात घेतला. मध्येच म्हणाले, "तू नाही जेवत?" मी म्हणालो, मला भूक नाही, मागाहून बघू. त्यांनी मान हलवली आणि ताटातलं शेवटचं शीतही निपटून खाल्लं. मला फार बरं वाटलं. आपण बरोबर केलं असं वाटलं.

विमानात काकांनी तिकीट काढून बघितलं. तीन वीसला सुटून सहाला पोचायचं, म्हणजे दोन तास चाळीस. तू तर तीन चाळीस म्हणालास. मी समजावलं, लिस्बनचं घड्याळ व्हिएन्नापेक्षा एक तास मागे असतं.

"म्हणजे एक तास परत मिळतो," ते म्हणाले.

"घड्याळात मिळतो."

"घड्याळातच म्हणतोय मी."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ काही मागे केलं नाही. नंतर खिडकीबाहेर बघत बसले. खाली डोंगर होते, बर्फाचे. कुठले म्हणून विचारलं नाही, आणि एरवी त्यांनी प्रत्येक घाटाचं नाव विचारून मला भंडावून सोडलं होतं. मी मनात वाक्यं जुळवत होतो. उतरल्यावर सांगावं की हॉस्पिटलच्या दारात? की सुनेलाच सांगू द्यावं? साडेपाचच्या सुमाराला मी म्हणालो, काका, मन घट्ट करा. ते म्हणाले, घट्टच आहे, तू झोप जरा.

सहाला उतरलो, सामान आणि टॅक्सी होईस्तोवर पावणेसात, आणि हॉस्पिटलात पोचलो तेव्हा सव्वासात. तिसऱ्या मजल्यावरच्या लांब व्हरांड्यात एका बाकावर शैलेशची बायको, मृणाल, एकटीच बसली होती. अंगावर कालचेच कपडे असावेत, पंजाबी ड्रेसच्या बाहीवर वाळलेलं रक्त होतं. सासऱ्यांना बघून ती उठली, दोन पावलं आली आणि मटकन खाली बसली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तीन तास आधी आला असतात, बाबा," ती म्हणाली. "फक्त तीन तास."

मला वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतं. पण ती बोलतच राहिली. पोटात मार लागला होता, रात्री ऑपरेशन केलं. सकाळी दहाला शुद्धीवर आला. चांगला बोलत होता. दर थोड्या वेळाने एकच विचारायचा, बाबा कुठवर आले. ती सांगायची, निघालेत. एकदा म्हणाला, त्यांना वेळ विचार, ते मिनिटासकट सांगतील. मग तीनच्या पुढे श्वास लागायला लागला. चार वाजून दहा मिनिटांनी गेला.

मी भिंतीला टेकलो.

"सकाळी होता?" मी विचारलं.

"होता म्हणजे? मी पुण्याला दोनदा फोन केला. तिथले साहेब म्हणाले, मुलगा सीरियस आहे असं मी कळवलंय, निघालेत ते." तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. "एक विमान दीडला येतं ना व्हिएन्नाहून? मी चौकशी केली होती. दोनपासून मी या दाराकडे बघत बसले. त्याला सांगितलं पण होतं, आता येतीलच. तुम्ही त्या विमानाने का नाही आलात?"

मी तोंड उघडलं.

"भरलेलं होतं," काका म्हणाले. "जागा नव्हती."

मग ते नर्सच्या मागोमाग आत गेले. वीसेक मिनिटं आत होते. मी बाकाच्या टोकाला बसून फरशीकडे बघत होतो. हॉटेलच्या रिसेप्शनवरचा तो फोन मला डोळ्यांसमोर दिसत होता, काळा, जुन्या पद्धतीचा, हाताच्या अंतरावर. एक नंबर फिरवायचा होता. ताई, शैलेश कसा आहे? एवढंच विचारायचं होतं.

काका बाहेर आले तेव्हा मृणाल कागदांवर सह्या करायला खाली गेली होती. ते माझ्या शेजारी बसले. मी त्यांच्या पायाशी वाकलो तर त्यांनी माझा दंड धरून मला परत बाकावर बसवलं.

"त्या पोरीने दोन बोटं दाखवली होती," ते म्हणाले. "मी बघितलं."

मी रडायला लागलो. काका, मला वाटलं, एवढंच म्हणालो.

"तुला वाटलं, तो गेलाय."

मी मान हलवली.

"मलाही तेच वाटलं." ते समोरच्या भिंतीकडे बघत होते, आणि त्यांचा आवाज खिडकीतून गाडीची वेळ सांगावी इतका साधा होता. "एकतीस वर्षं तारा घेऊन आलेली माणसं गाडीत बसवली मी. फादर सीरियस, मदर सीरियस. एकाचाही माणूस जिवंत नसायचा. मी कंडक्टरला सांगायचो, हेळवाकला उतरून त्यांना वडापाव घाल, चहा पाज, आणि काही बोलू नको. सकाळी तू तो शब्द बोललास, तिथेच माझा शैलेश गेला. मग बोटं दिसली. म्हटलं, लवकर पोचून काय ऐकायचं आहे? जोवर हा सांगत नाही तोवर आपला पोरगा सीरियस आहे. तेवढे चार-पाच तास मला हवे होते, धनंजय. म्हणून गप्प बसलो. तू वाढत होतास, मी जेवत होतो."

आत कुठेतरी एक ट्रॉली ढकलत नेल्याचा आवाज येत होता.

"दोघांतल्या एकाने तरी विचारायला हवं होतं," काका म्हणाले.

मग त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. ते अजून व्हिएन्नाचीच वेळ दाखवत होतं. "चार दहा म्हणजे आपले पाच दहा. तीन वीसला निघालो. एक तास पन्नास मिनिटं झाली होती. म्हणजे तो गेला तेव्हा आपण अर्ध्या वाटेवर होतो."

त्यांनी वही काढली आणि माझ्याकडे पेन मागितलं. त्यांचं स्वतःचं पेन खिशातच होतं, पण ते त्यांच्या लक्षात नव्हतं. सकाळच्याच ओळीत त्यांनी पुढे लिहिलं. मी शेजारून बघत होतो. व्हिएन्ना ते लिस्बन. अंतर तेवीसशे. वेळ तीन चाळीस. उशीर, साडेचार तास. मग चौथ्या रकान्यात पेनाचं टोक टेकवून ते थांबले. कागदावर शाईचा ठिपका पडला, तो हळूहळू मोठा होत गेला.

जिन्यावरून मृणाल वर आली. काकांनी वही मिटली, माझं पेन मला परत दिलं आणि उठून तिच्याकडे गेले.

"याने सकाळपासून काही खाल्लेलं नाही," ते तिला म्हणाले. "आधी याला काहीतरी खायला बघ."